मचाण आणि त्याचा पाहुणा

३१ जानेवारीच्या पगारात मचाणचा उंचीभत्ता पहिल्यांदा कापला गेला : दोन हजार तीनशे चाळीस रुपये. हा भत्ता आमच्या बंदरावर फक्त क्रेनच्या केबिनमध्ये बसणाऱ्यांना मिळतो, आणि सहा महिने केबिनमध्ये पाऊल न ठेवलेल्या माणसाला तो देता येत नाही. पगार विभागात ती नोंद माझ्याच हातून झाली. मचाण राहतो माझ्या घराच्या अगदी वरच्या मजल्यावर. पगाराच्या चिठ्ठीवरून कळण्यापेक्षा तोंडी कळलेलं बरं, म्हणून संध्याकाळी वर जाऊन सांगितलं.

"कापला का? कापा," तो दारातूनच म्हणाला. "डॉक्टरांनी एवढं मोठं कापलं, तुम्ही एवढंसं कापलंत. चहा घेणार?"

मी हो म्हणेपर्यंत त्याचा चेहरा बदलला. कुणीतरी मागून खांद्यावर हात ठेवावा तसा तो थबकला, वळला आणि आत गेला. संडासाची कडी वाजली. वहिनींनी माझ्यासमोर खुर्ची ठेवली आणि हळूच म्हणाल्या, "बसा भावजी. पाहुणे आले त्यांचे."

मी चहा घेतला, कप रिकामा झाला, वहिनींनी तो विसळून ठेवला. कडी काही उघडली नाही. आतून कसलाही आवाज येत नव्हता.

मचाण हे अर्थातच त्याचं खरं नाव नाही. चार नंबरच्या धक्क्यावरच्या क्रेनमध्ये तो सव्वीस वर्षं बसला. सात मजली इमारतीएवढ्या उंचीवर लोखंडी केबिन, तिला पायाखाली काचेची खिडकी, आणि वर जायला उभी शिडी. एकदा कुठल्याशा साहेबानं विचारलं, हा माणूस जेवायला खाली का येत नाही? कुणीतरी उत्तर दिलं, तो मचाणावर बसलाय, सावज दिसल्याशिवाय उतरायचा नाही. तेव्हापासून तो मचाण. वहिनीसुद्धा रागावल्या की "काय हो मचाणराव" असंच म्हणतात.

त्याला वरच बरं वाटायचं. "खाली माणसांची तोंडं बघावी लागतात, वरून नुसती डोकी दिसतात," असं तो म्हणायचा. त्याच्या ओळखीचं खालचं माणूस एकच, हातवारे. हेही टोपणनावच. हातवारे धक्क्यावर उभा राहून क्रेनला इशारे करतो. अंगठा वर, क्रेनचा हुक वर. तळवा खाली, माल खाली. मूठ आवळली की जागच्या जागी थांबायचं. बावीस वर्षं या दोघांनी जोडीनं काम केलं आणि त्यात बोलणं जवळजवळ झालंच नाही. हातवारेच्या हाताला काय वाटतंय हे मचाणला वरून कळायचं. आज हात चिडलेला आहे, आज हाताला झोप झालेली नाही, असं तो घरी येऊन सांगायचा.

केबिनचा एक नियम कुठल्याही कागदावर नाही, पण प्रत्येक क्रेनवाला तो पहिल्या वर्षात शिकतो. माल हवेत लटकत असताना शरीर नाही. खाज नाही, शिंक नाही, तहान नाही. चढायच्या आधी सगळं उरकून घ्यायचं आणि वर गेल्यावर शरीराची हाक ऐकायचीच नाही. मचाणनं सव्वीस वर्षं ऐकली नाही. त्यामुळे रक्त पडायला लागलं तेव्हाही त्यानं वर्षभर ते मूळव्याधीच्या नावावर खपवलं. वहिनींनी त्याला अक्षरशः ओढत नेलं तेव्हा निदान झालं. गुदाशयाचा कॅन्सर, अगदी खालच्या बाजूला.

ऑपरेशन चांगलं झालं. गुदाशय काढला, वरचं आतडं खाली आणून जोडलं, आणि जोड भरून येईपर्यंत पोटावर पिशवी लावली. पिशवीचा त्याला फारसा त्रास झाला नाही. किती भरली, कधी रिकामी करायची, हे त्यानं मालाच्या वजनासारखं डोक्यात बसवून घेतलं होतं. काही महिन्यांनी पिशवी काढली, मार्ग पुन्हा सुरू झाला, आणि सगळ्यांना वाटलं, सुटलो. खरं काम तिथून लागलं.

दिवसातून किती वेळा जायचं याला धरबंध राहिला नाही. एकदा जाऊन आला की लगेच पुन्हा, मग पुन्हा. हवा आहे की आणखी काही, याचा भरवसा नाही. घाई अशी की बुटाची नाडी सोडायला वेळ नाही. गोळ्या झाल्या, जेवणातले बदल झाले, खालच्या स्नायूंचे व्यायाम झाले. त्यातून थोडं थोडं आटोक्यात आलं. पण एक गोष्ट आटोक्यात येईना, आणि तिच्याबद्दल तो फक्त घरात बोलायचा. हाक यायची, स्पष्ट, भरलेली, नेहमीच्या ओळखीची; आणि जाऊन बसलं की काहीच नसायचं. दहा मिनिटं, अर्धा तास, काहीच नाही. पण हाक थांबायची नाही. ज्या जागेतून ती यायची ती जागा शरीरात राहिलेलीच नव्हती.

डॉक्टरांना त्यानं विचारलं. मी बरोबर होतो, म्हणून ते बोलणं मला आठवतं.

"काढलंत ना तुम्ही ते?"

"काढलं."

"सगळं?"

"सगळं. पण तिथून मेंदूकडे जाणाऱ्या काही नसा अजून आहेत. पाय कापलेल्या माणसाला नसलेला अंगठा दुखतो, तसंच काहीसं. मेंदूला वाटतं जागा अजून आहे."

"म्हणजे माणूस गेला, पण दारावरची बेल वाजतेय."

"तसं म्हणा."

"मग वाजवतंय कोण?"

डॉक्टर हसले आणि त्यांनी पुढचा पेशंट बोलावला. मचाण हसला नाही.

तेव्हापासून त्या हाकेचं नाव पाहुणा पडलं. नाव ठेवलं वहिनींनी, हसण्यावारी न्यायला. पण नाव ठेवलं की ती गोष्ट घरात राहायला येते, तसंच झालं. पाहुण्याची वेळ ठरलेली नव्हती, पण आवड ठरलेली होती. मचाण बाहेर जायला निघाला की तो यायचा. क्रेनचा विषय निघाला की हटकून यायचा. मचाण खुर्चीच्या कडेवर बसायला लागला, एक कान स्वतःच्या आत लावून. आपण बोलत असताना मध्येच त्याची नजर थिजायची आणि आपलं वाक्य हवेत राहायचं. हळूहळू वहिनीही ऐकायला लागल्या. भांडी घासताना त्यांचा हात थांबायचा. संडासातला दिवा दिवसासुद्धा चालू राहायला लागला, कारण बटण शोधण्याइतका वेळ हाताशी नसेल तर काय, ही धास्ती. खरं सांगायचं तर खालच्या मजल्यावर आम्हालाही सवय लागली. वरची कडी वाजली की आमच्या घरात कुणी ना कुणी बोलायचं थांबायचं आणि पाणी सोडल्याचा आवाज येतो का याची वाट बघायचं. बहुतेक वेळा यायचा नाही.

त्यात भर पडली मेणाच्या ठोकळ्याची. एकदा रिपोर्टची प्रत आणायला मचाण हॉस्पिटलच्या तळघरात गेला होता. तिथल्या कारकुनाला त्यानं सहज विचारलं, काढलेल्या भागाचं तुम्ही काय करता? कारकून बिचारा सरळ माणूस. म्हणाला, बाकीचं जाळतात, पण तपासलेले तुकडे मेणाच्या ठोकळ्यात बसवून बरीच वर्षं ठेवतात, पुढे लागले तर असावेत म्हणून. त्या तिकडे, त्या दारामागे.

घरी येऊन मचाण वहिनींना म्हणाला, "तो तिथेच आहे गं. कपाटात बसलाय."

"कोण?"

"आपला पाहुणा."

"अहो, काहीतरी बोलू नका तिन्हीसांजेचं," वहिनी म्हणाल्या. पण त्या रात्री त्या जेवल्या नाहीत, हे त्यांनीच मला पुढे सांगितलं.

एप्रिलमध्ये बंदराच्या कार्यालयाकडून पत्र आलं. केबिनमध्ये परत जायचं असेल तर जूनअखेर चाचणी द्यायची. डॉक्टरांचा दाखला हवाच, शिवाय सुरक्षा अधिकाऱ्यासमोर सलग चार तास केबिनमध्ये बसून माल हलवून दाखवायचा. मध्ये खाली उतरायचं नाही. जमलं नाही तर कायमची बदली जमिनीवर, आणि मग पुन्हा कधी वर नाही. मचाणची निवृत्तीला तीन वर्षं राहिली होती. त्याला ती वरच काढायची होती. दुसरं काहीही त्याला नको होतं.

"चार तास," तो मला म्हणाला. "तेवढ्या वेळात पाहुणा चारदा येऊन जाईल. आणि शिडी उतरायला लागतो तेवढा वेळ तो देत नाही."

डॉक्टरांनी तेव्हा सुयांचं सुचवलं. ॲक्युपंक्चर. सुचवतानाच त्यांनी हातचं राखलं. म्हणाले, अशा ऑपरेशननंतर काही जणांना यानं फरक पडल्याचं दिसतं, पण अभ्यास अजून लहान आहेत, मी खात्री देणार नाही. व्यायाम आणि गोळ्या मात्र सोडायच्या नाहीत. आपल्याच हॉस्पिटलात एक बाई करतात, तळघरात.

तळघर म्हटल्यावर मचाणनं माझ्याकडे पाहिलं.

सुईवाल्या बाईंची खोली त्याच बोळात होती. मेणाच्या ठोकळ्यांच्या दारावरून पुढे गेलं की डावीकडे. आठवड्यातून दोनदा जायचं ठरलं. वहिनींना शिवणकामाच्या दुकानातून सुटी मिळाली नाही की मी सोबत जायचो. मचाण त्या दारापाशी आला की भिंतीच्या दुसऱ्या बाजूनं चालायचा, अंग चोरून, समोरून कुणी येत असल्यासारखा. बोळ रिकामा असायचा.

बाई चाळिशीच्या, जाड चष्म्याच्या, आणि बोलायला फटकळ. पहिल्याच दिवशी त्यांनी सांगून टाकलं, "काका, मी जादू करत नाही. सुया नसांना हलवतात. काहींच्या नसा ऐकतात, काहींच्या ऐकत नाहीत. तुमच्या कशा आहेत ते बघू."

"माझ्या कुणाचंच ऐकत नाहीत," मचाण म्हणाला. "बायकोला विचारा."

पालथं झोपवून कमरेच्या खाली, माकडहाडाच्या वरच्या हाडात जी छोटी भोकं असतात, तिथे त्या सुया घालायच्या. मग उताणं करून गुडघ्याखाली नडगीच्या बाहेरच्या बाजूला आणि घोट्याच्या आतल्या बाजूला. सुया केसासारख्या बारीक. त्यांतल्या काहींना चिमटे लावून पेटीतून हलकासा विजेचा प्रवाह सोडायचा. पायाचा अंगठा आपोआप टकटक उडायला लागला की बाई मान हलवायच्या.

"जड वाटतंय का?" त्या विचारायच्या. सुई बरोबर बसली की तिथे जडपणा येतो, तो त्यांना हवा असायचा.

"किती टन?" मचाण विचारायचा.

"थट्टा नको. जड वाटलं की सांगायचं."

तो सांगायचा नाही. तीन-चार बैठकांनंतर हे बाईंच्या लक्षात आलं. एक सुई काढताना ती वाकलेली निघाली. त्यांनी ती दिव्यासमोर धरली. "काका, तुम्ही अंग आवळून धरता. सुई घातली की आतून कडी लावता."

"सवय आहे."

"कसली?"

"माल हवेत असला की हलायचं नाही."

"इथे कुठे माल आहे?"

मचाणनं भिंतीकडे बोट केलं, ठोकळ्यांच्या खोलीकडे. बाईंना काही कळलं नाही. मी बाहेरच्या बाकावरून उघड्या दारातून हे पाहत होतो.

पण बाई चिकाटीच्या होत्या. त्यांनी त्याला सैल सोडायला शिकवलं, श्वासासोबत. कानाच्या पाळीत टेपखाली बारीक बिया चिकटवून दिल्या. हाक आली की त्या दाबायच्या आणि घोट्याच्या आतला बिंदू अंगठ्यानं धरून बसायचं. उठायचं नाही. खरी असेल तर ती वाढत जाईल, खोटी असेल तर ओसरेल. घरी उबेसाठी औषधी पाल्याची कांडी दिली, ती पेटवून कातडीपासून बोटभर अंतरावर धरायची. वरच्या मजल्यावरून तिचा कडू धूर आमच्याकडे उतरायचा.

हातवारे एका रविवारी भेटायला आला. त्याला बोलायची सवय नसल्यानं तो मोठ्यानं बोलतो. "कानात काय पेरलंयस लेका?"

"बी."

"पाऊस पडला की झाड उगवेल. मग वर केबिनमध्ये सावली." मग तो म्हणाला, "तो नवीन पोऱ्या बसतो तुझ्या जागी. माझा हात बघतो, पण हाताचं ऐकत नाही. ये लवकर."

मे महिन्यात फरक दिसायला लागला. आधी हाका थोड्या विरळ झाल्या, मग बारीक झाल्या. वहिनी म्हणायच्या, पाहुणा आता दारातूनच परत जातो. सुयांमुळे, व्यायामामुळे, की नुसता काळ गेल्यामुळे, ते कुणी सांगू शकलं नसतं, आणि बाईंनीही श्रेय घेतलं नाही. खरी हाक आता सकाळी यायची, तिचा अंदाज बांधता यायचा. खोटी पूर्ण दोन दिवस आली नाही, तेव्हा वहिनींनी भीत भीत संडासातला दिवा बंद केला.

मचाणनं उठून तो पुन्हा लावला.

"आता कशाला?" वहिनी म्हणाल्या.

"येईल."

"अहो, गेला तो."

"सांगून गेला का?"

तो आधी जेवढा ऐकायचा त्याहून जास्त ऐकायला लागला होता. पाहुणा येत होता तेव्हा निदान आल्यावर कळायचं. आता तो कुठे आहे हेच कळत नव्हतं. बोलताना त्याची नजर पूर्वीसारखीच थिजायची, पण पूर्वी पुढे काहीतरी घडायचं. आता काही घडायचं नाही आणि नजर तशीच राहायची. मी एकदा म्हणालो, अरे, बरा झालायस तू. तो म्हणाला, "घरात उंदीर खुडबुडत असला की माणूस झोपतो. खुडबूड थांबली की जागा होतो."

चाचणी जूनच्या तिसऱ्या आठवड्यात झाली. त्या दिवशी धक्क्याच्या कार्यालयात माझं काम होतं, त्यामुळे शेवटचा तास मी खिडकीतून पाहिला. पत्र्याच्या गुंडाळ्या जहाजात भरायच्या होत्या. एकेक गुंडाळी भरलेल्या ट्रकएवढ्या वजनाची. धक्क्यावरून उचलायची, जहाजाच्या तोंडावर न्यायची आणि सरळ पोटात सोडायची. सुरक्षा अधिकारी छपराखाली खुर्ची टाकून बसला होता. हातवारे जहाजाच्या कडेला उभा होता आणि त्याचा हात मजेत होता. ते मलाही दिसत होतं.

तीन तास मचाणनं अप्रतिम काम केलं. असं मी म्हणत नाही, हातवारे म्हणतो. गुंडाळी खाली टेकताना आवाजसुद्धा होत नव्हता. केबिनच्या काचेतून मचाणचा आकार दिसत होता, पुढे वाकलेला. पाहुणा आला नाही. पहिल्या तासात नाही, दुसऱ्यात नाही, तिसऱ्यात नाही. पुढे त्यानं मला सांगितलं, पहिल्या तासात त्याला आनंद झाला. दुसऱ्यात शंका आली. तिसऱ्या तासात त्याला वाटायला लागलं की पाहुणा केबिनमध्येच आहे, मागे, शिडीच्या तोंडावरच्या झाकणावर बसलाय, आणि मुद्दाम आवाज करत नाहीये. मागे वळून बघता येत नव्हतं. माल हवेत होता.

शेवटून तिसऱ्या गुंडाळीला हातवारेनं मूठ आवळली. गुंडाळी थांबली नाही. फार नाही, एखाद्या क्षणाचा फरक. तेवढ्यात ती जहाजाच्या तोंडाच्या लोखंडी कडेला लागली आणि पूर्ण जहाज घंटेसारखं वाजलं. खिडकीची काच माझ्या हाताखाली थरथरली. मग गुंडाळी थांबली, हलत राहिली, स्थिर झाली, आणि अगदी हळू खाली गेली. जहाजाच्या पोटातून कुणीतरी ओरडलं आणि मग आणखी कुणीतरी हसलं, जीव वाचल्यावर हसतात तसं.

सुरक्षा अधिकारी उभा राहिला. "काय झालं रे?"

"वारा," हातवारे म्हणाला.

अधिकाऱ्यानं वर झेंड्याकडे पाहिलं. झेंडा काठीला चिकटून होता. पण अधिकाऱ्याला जेवायला जायचं होतं, कडेला फक्त रंग उडाला होता, आणि चार तासांत माणूस एकदाही खाली उतरला नव्हता. त्यानं पास लिहिलं.

मचाण शिडी उतरला तेव्हा मी तिथे पोचलो होतो. वहिनींना फोन लावून आनंदाची बातमी द्यावी, असं माझ्या मनात होतं. पण हातवारे त्याच्यासमोर उभा होता, आणि दोघांचे हात खाली लोंबत होते.

"वारा नव्हता," मचाण म्हणाला.

"मला शिकवतोस?"

"मूठ दिसली होती. पण बघत नव्हतो मी. आत ऐकत होतो."

"आला होता का तो तुझा?"

"नाही. नाही आला म्हणून तर ऐकत होतो."

हातवारेनं दोन्ही हात उचलून एकमेकांपासून एका वितीएवढे धरले. "आतल्या शिडीवर पोरगं होतं. गुंडाळी आणि ते, एवढं अंतर."

"मी वरून पाहिलं."

"मी वारा म्हणालो. आज म्हणालो. पुन्हा म्हणणार नाही."

"नको म्हणूस," मचाण म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तो पगार विभागाच्या खिडकीवर आला. केबिनमधून जमिनीवर बदली मागणारा अर्ज त्यानं लिहून आणला होता. मी म्हणालो, पास झालायस तू, भत्ता या महिन्यापासून सुरू होईल, निदान महिनाभर थांब, सवय होईल. तो म्हणाला, "केबिनमध्ये एकाच माणसाला जागा आहे." मी अर्ज घेतला.

आता तो दोरखंडांच्या गोदामात असतो. क्रेनचे तारेचे दोर तिथे तपासायला येतात. हातात कापड धरून दोर वीत वीत सरकवायचा. एखादी तार तुटलेली असली तर कापड अडकतं. कामाला घाई नाही, दोर कुठे लटकलेला नाही, आणि संडास शेजारच्याच भिंतीला आहे. गोदामातले लोक म्हणतात, याच्याइतका सावकाश दोर कुणी बघत नाही. मध्येच त्याचा हात थांबतो. कापड अडकलं असेल म्हणून बाजूचा माणूस वाकून बघतो, तर दोर साफ असतो. मचाण मान किंचित तिरकी करून उभा असतो. कुणी हाक मारली नाही की पुन्हा दोर सरकवायला लागतो. जेवणाच्या सुटीत हातवारे त्याच्याकडे येऊन बसतो. दोघं बोलत नाहीत, पण तेही आता खालीच.

चार नंबरच्या केबिनकडे तो वर बघत नाही. मी एकदा त्याला विचारलं, वाईट वाटतं का? तो म्हणाला, "वाटतं. पण वर गेलो तर तो मागे बसेल, आणि मी बघायला वळेन."

सुयांची शेवटची बैठक जुलैत झाली. मी बाकावर होतो. बाईंनी सुया काढल्या आणि विचारलं, "मग, गेला का पाहुणा?"

"महिना झाला, आला नाही."

"मग तोंड का असं?"

मचाण सदऱ्याची बटणं लावत होता. "बाई, एक विचारू? थोडासा परत आणता येईल का? रोजचा नको. अधूनमधून. म्हणजे कुठे आहे ते कळेल."

बाईंनी चष्मा काढला, पुसला. "काका, मी सुया टोचते," त्या म्हणाल्या. "कुणाला बोलावत नाही."

"तेही खरंच," तो म्हणाला.

परत जाताना बोळात तो त्या दारापाशी थांबला. या वेळी भिंतीला अंग चोरलं नाही. दाराला कान लावला आणि डोळे मिटून उभा राहिला. मीही थांबलो. आतून वातानुकूलन यंत्राची घरघर येत होती, बाकी काही नाही. झाडूवाली बाई बादली घेऊन आली, तिनं आम्हा दोघांकडे पाहिलं आणि बादली खाली न ठेवता तशीच मागे फिरली.

"चल," मी म्हणालो.

"थांब जरा."

वरच्या मजल्यावर संडासातला दिवा अजून चालू असतो. वहिनी विजेच्या बिलाबद्दल कुरकुर करतात, पण बंद करत नाहीत. कडी क्वचित वाजते, आणि वाजली की थोड्या वेळानं पाणी सोडल्याचा आवाजही येतो. आमच्या घरात मात्र अजून सगळे बोलायचे थांबतात.

शेवटच्या बैठकीचे पैसे देताना बाईंकडे सुटे नव्हते. पुढच्या वेळी घेऊन जा, त्या म्हणाल्या. पुढची वेळ नव्हती. मचाणचे त्यांच्याकडे चाळीस रुपये येणे आहेत.